बाळाची झोप आणि बाराचा मुहूर्त

लग्नसराई सुरू झाली की तान्ह्या बाळाच्या घरात एक वाद ठरलेला असतो. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो आणि नेमकं त्याच सुमारास बाळ झोपतं. "अगं, एका दिवसाने काय होतंय? आमच्या वेळी पोरं मांडवात सनई वाजत असतानाही झोपायची," असं सासूबाई म्हणतात. "आई, त्याची दुपारची झोप मोडली की रात्रभर मलाच जागावं लागतं," असं सून सांगते. शेवटी सून बाळाला घेऊन घरी थांबते, नाहीतर लग्नाला जाऊन पहिल्या पंगतीतून अर्ध्यावर उठते. वाद एका घरातला वाटतो, पण त्यात दोन काळ एकमेकांशी बोलत असतात. सासूबाई सांगतात तो काळ खरा होता, आणि सून सांगते तेही खरंच आहे. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय घडलं हे पाहिल्याशिवाय यात कुणाची बाजू घेणं अन्यायाचं होईल.

बाळाला घराबाहेर नेणं ही आपल्या परंपरेत सहजासहजी करायची गोष्ट नव्हती. त्याचा स्वतंत्र संस्कार होता. मनुस्मृतीत चौथ्या महिन्यात निष्क्रमण सांगितलं आहे: बाळाला प्रथमच घराबाहेर आणायचं आणि सूर्याचं दर्शन घडवायचं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळाच्या खोलीचं, कुमारागाराचं, वर्णन येतं. तिथे बाळाचं अंथरूण मऊ, हलकं आणि स्वच्छ असावं असा आग्रह आहे. सुश्रुताने तर झोपलेल्या बाळाला एकाएकी जागं करू नये, ते घाबरेल, असं बजावलं आहे. म्हणजे बाळाची झोप जपावी हा विचार पाश्चात्त्य पुस्तकांतून आपल्याकडे आला, हे काही खरं नाही. मात्र या ग्रंथांत झोपेची वेळ कुठे नेमून दिलेली नाही.

वेळ मोजायची साधनं नव्हती म्हणून असं झालं असेल का? तसंही नाही. पाण्यात तरंगणाऱ्या, बुडाला बारीक छिद्र असलेल्या घटिकापात्राने आपल्याकडे २४ मिनिटांची एक घटिका आणि तिचा साठावा भाग असलेलं पळही मोजलं जात होतं. लग्नाचा मुहूर्त त्या पळापर्यंत साधला जायचा. जोशीबुवा पात्राजवळ बसून राहत आणि ते बुडताच अक्षता पडत. त्याच मांडवात आजीच्या मांडीवर झोपलेल्या बाळाची वेळ मात्र कुणी मोजत नव्हतं. आज नेमकं उलटं झालं आहे. बाळाची झोप मोबाइलमध्ये मिनिटागणिक नोंदली जाते आणि मुहूर्त टळून तासभर उलटला तरी वरात दारात नाचत असते. घरातला ताण समजून घ्यायला ही उलटापालट लक्षात घ्यावी लागते.

जुन्या घरात झोपेला शिस्त नव्हती असं म्हणणंही चूक आहे. शिस्त होती, फक्त ती घड्याळाला बांधलेली नव्हती; ती अंघोळीला बांधलेली होती. सकाळी बाळंतिणीचं आणि बाळाचं न्हाणं, तेलाने चोळणं, पायांवर आडवं घेऊन ऊन पाण्याने अंघोळ, मग वेखंडाची पूड, शेगडीवर ओवा-बाळंतशेपांची धुरी आणि घट्ट बांधलेलं दुपटं. एवढं झालं की बाळ दोन-तीन तास गाढ झोपायचं. हा क्रम दिवसाचा खुंटा होता आणि बाकीच्या झोपा त्याच्याभोवती सैल सुटलेल्या असत. पाळणा, झोळी, कडेवर घेतलेलं बाळ, मांडी, खांदा, सगळीकडे झोप चालायची. महत्त्वाचं म्हणजे तो खांदा आळीपाळीने बदलायचा. आजी, आत्या, काकू, शेजारच्या मावशी, परकर नेसलेली आठ वर्षांची ताई, हे सगळे हात घरात होते. म्हणूनच मांडवात बाळ झोपायचं. झोपलं नाही तरी त्याची किंमत एकट्या आईला मोजावी लागत नव्हती. "आमच्या वेळी" या दोन शब्दांत हे सगळे हात गृहीत धरलेले असतात, आणि बोलताना नेमके तेच राहून जातात.

पण या चित्राच्या प्रेमात पडू नये. "कुठेही झोपायची" याच्या पोटात पुष्कळ हाल दडलेले आहेत. कारखान्याच्या हंगामात बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचं बाळ आजही कोपीत, बैलगाडीत आणि फडाच्या कडेला पाचटावर झोपतं. आई पहाटे अंधारात तोडीला निघते तेव्हा त्याची झोप मोडायची की नाही, हा प्रश्नच तिला कुणी विचारत नाही. तिथे बाळाने मोठ्यांच्या वेळेशी जुळवून घेणं ही गरिबी आहे. तिला कौतुकाने जुनी रीत म्हणणं मला पटत नाही.

मोठ्यांची वेळ बाळावर सर्वांत क्रूरपणे लादली गेली ती गिरण्यांच्या काळात. मुंबईला घड्याळाचं राज्य सहजासहजी मान्य नव्हतं. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा शहराने निषेध केला, गिरणी कामगारही त्यात होते, आणि सुमारे ३९ मिनिटं मागे चालणारी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत शहराच्या कारभारात टिकून राहिली. पण गिरणीच्या भोंग्यापुढे गिरणगावातल्या चाळीचं काही चाललं नाही. भोंगा झाला की आईला निघावं लागे. बाळाला सांभाळायला कुणी नसेल तर तिच्याजवळ एकच उपाय उरे, तो म्हणजे अफूची बाळगोळी. गोळी दिली की बाळ पाळीभर झोपून राही. त्या काळातल्या पाहण्यांत ही प्रथा गिरणीत जाणाऱ्या बायकांमध्ये सर्रास आढळली, आणि १९३१ साली आलेल्या कामगारविषयक व्हिटली आयोगाच्या अहवालानेही तिची दखल घेतली. ही काही आपल्याच आयांची चूक नव्हती. इंग्लंडच्या गिरणी शहरांत 'गॉडफ्रे'ज कॉर्डियल' नावाचं अफूमिश्रित औषध याच कामासाठी घरोघर जात होतं. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकलं जाई, त्यात मॉर्फिन असायचं. यातून किती बाळं कायमची झोपली याची मोजदाद कधीच होणार नाही. 'शांत झोपणारं गुणी बाळ' हा शब्दप्रयोग ऐकला की मला हा इतिहास आठवतो.

त्याच कारखान्यांच्या जगात वेळापत्रकाचंही शास्त्र जन्माला आलं. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांचं आया आणि दायांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेलं पुस्तक १८९४ मध्ये निघालं आणि अनेक दशकं घराघरांत वाचलं गेलं. दूध ठरल्या वेळी, झोप ठरल्या वेळी, रडलं तर उचलायचं नाही. न्यूझीलंडचे ट्रुबी किंग मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते. तिथल्या शेतावर वासरांच्या खाण्याला शिस्त लावून त्यांचे मृत्यू कमी झाले, तीच शिस्त त्यांनी बाळांना लावली, आणि १९०७ मध्ये ड्युनेडिनला त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेली प्लंकेट सोसायटी साऱ्या ब्रिटिश साम्राज्याचा आदर्श ठरली. चार-चार तासांनी दूध, रात्री दूध नाही, भरपूर मोकळी हवा आणि कमीत कमी लाड. १९२८ मध्ये जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने बाळाला मांडीवर घेणं आणि मुके घेणं यांवरही बंधन सुचवलं. १९४६ मध्ये बेंजामिन स्पॉक यांचं पुस्तक आलं आणि तेव्हा कुठे आईबापांना स्वतःवर थोडा विश्वास ठेवायची मुभा मिळाली.

होल्ट आणि किंग यांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या डोळ्यांसमोर अतिसाराने आणि अस्वच्छ दुधाने मरणारी बाळं होती. शिस्तीने काही जीव वाचले, हे मान्य करायलाच हवं. बिघडलं ते पुढे. रुग्णालयातल्या आजारी बाळासाठी आखलेला नियम निरोगी बाळाच्या घरचा धर्म बनला, आणि बाळ ठरल्या वेळी झोपलं नाही तर आई नापास, असा एक अदृश्य दाखला तयार झाला. आज मोबाइलवर झोपेचा आलेख बघून खिन्न होणाऱ्या पुण्या-ठाण्याच्या मुलीच्या हातात तोच दाखला आहे.

मग बाळाच्या झोपेची नैसर्गिक वेळ कोणती? चार्ल्स सुपर आणि सारा हार्कनेस या संशोधक दांपत्याचं काम इथे फार उपयोगी पडतं. केनियातल्या कोक्वेत गावी किप्सिगिस समाजात त्यांनी बाळांचा अभ्यास केला. ही बाळं दिवसभर कुणाच्या तरी पाठीवर असत, रात्री आईजवळ झोपत, आणि काही महिन्यांची झाली तरी सलग झोप लांबत नसे. अमेरिकी बाळं मात्र चौथ्या महिन्याच्या सुमारास सलग आठ तासांपर्यंत जात. पुढे त्यांनी नेदरलँड्समध्ये पाहिलं, तर तिथली सहा महिन्यांची बाळं अमेरिकी बाळांपेक्षाही दिवसाकाठी सुमारे दोन तास जास्त झोपत होती. विश्रांती, स्वच्छता आणि नियमितपणा ही त्रिसूत्री डच घरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुजलेली आहे, आणि बाळाला फार ठिकाणी फिरवलं तर ते बिथरतं असं तिथले पालक मनापासून मानतात. उत्तर युरोपात आणखी वेगळं. डेन्मार्क, फिनलंडमध्ये बाळाची दुपारची झोप थंडीतही घराबाहेर ढकलगाडीत होते. ही सगळी बाळं व्यवस्थित वाढतात. समाज जसा दिवस आखतो, तशी बाळाची झोप बऱ्याच अंशी घडत जाते.

बऱ्याच अंशी, पूर्णपणे नाही. शरीराचा वाटा ठरलेला आहे. नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही. दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास तो फरक जमू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन महिन्यांपर्यंत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिने या वयात १२ ते १६ तास आणि त्यानंतर दोन वर्षांपर्यंत ११ ते १४ तास झोप लागते, दिवसाच्या डुलक्या धरून. त्यामुळे "होईल सवय" हे उत्तर सगळ्या वयांना लावता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत मोडण्यासारखं वेळापत्रकच नसतं. तेव्हा जपायचं ते गर्दीपासून आणि संसर्गापासून. दीड वर्षानंतर बहुतेक मुलं दुपारच्या एकाच झोपेवर येतात आणि कुटुंबाचा दिवस पुन्हा मोकळा होतो. खरी अडचण चार महिने ते दीड वर्ष या पट्ट्यात आहे. तेव्हा झोपा दोन-तीन असतात आणि जागं राहण्याची ताकद थोडी असते. शिवाय थकून गेलेलं बाळ लवकर झोपत नाही, उलट चिडत जातं, हे कुणाही आईला ठाऊक असतं. या वर्षभरात रात्रीची झोपेची वेळ आणि सकाळची पहिली झोप या दोन गोष्टी घट्ट धरल्या, तर दुपारची एखादी झोप मावशीच्या खांद्यावर झाली म्हणून काही बिघडत नाही. सगळ्याच वेळा सारख्या घट्ट धरल्या की घर तुरुंग होतं. सगळ्याच सोडल्या तर त्याची भरपाई आई करते.

आपल्या जुन्या रीतींत यासाठीही जागा होती. तिन्हीसांजेला बाळाला बाहेर काढायचं नाही, हा नियम कितीतरी घरांत पाळला जात होता. बाहेरून आल्यावर बाळ किरकिर करू लागलं की मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन बसायचं. पहिल्या काही महिन्यांत बाळं संध्याकाळीच सर्वाधिक रडतात आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे रडणं कळसाला पोहोचतं, हे अमेरिकी डॉक्टर टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये नोंदवलं. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही. पण गर्दीतून आलेल्या बाळाला उजेड आणि आवाज यांपासून दूर न्यावं, घरातल्या सगळ्यांनी थोडा वेळ थांबावं आणि आईला "तू बस, मी बघते" म्हणावं, ही त्या रीतीतली वागणूक मला फार शहाणपणाची वाटते.

अडलं आहे ते समाजाच्या ठिकाणी. हिरकणीची आख्यायिका आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. कोजागिरीच्या दिवशी दूध विकायला रायगडावर आलेली आई, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी एकटं असलेलं तान्हं बाळ, आणि अंधारात कडा उतरून गेलेली ती. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असं सांगतात. ती वाट अशी बंद करणं गडाच्या संरक्षणासाठी योग्यच होतं. पण आज किल्ल्याचे दरवाजे आणि शत्रूचं भय उरलेलं नसतानाही आपण आईच्या कडा उतरण्याचंच कौतुक करत बसलो आहोत. सार्वजनिक वेळ जागची हलत नाही, आईनेच वाट काढायची. एसटीच्या स्थानकांवर बाळाला दूध पाजण्यासाठी हिरकणी कक्ष झाले, ही चांगली सुरुवात आहे. मंगल कार्यालयांत मात्र वरपक्षाची खोली असते, वधूपक्षाची खोली असते, आहेर ठेवायला कपाट असतं, पण बाळाला आडवं करायला जागा नसते. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियम २००० सालापासून देशभर लागू आहे. तो निदान तान्ह्या बाळांसाठी तरी पाळावा, असं आपल्याला अजून वाटत नाही.

रस्त्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात रात्री समारंभ आटोपून दुचाकीवरून परतणारी कुटुंबं बघा. आई मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली असते आणि मांडीवर झोपलेलं बाळ, मान लटकलेली. २०२२ च्या अधिसूचनेने नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट आवश्यक केलं आणि वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत मर्यादित केला. नऊ महिन्यांखालचं बाळ तर हेल्मेटच्या नियमातही बसत नाही. त्याला दुचाकीवर नेऊच नये, एवढं स्पष्ट बोलायला हवं. मोटारीत बाळासाठी वेगळं आसन असावं. मात्र त्यात झोपलेलं बाळ मुक्कामाला पोहोचताच सपाट, घट्ट गादीवर पाठीवर निजवावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पाठीवर निजवण्याचा सल्ला अमेरिकेत १९९२ पासून दिला जाऊ लागला आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. बाहेर गेलो म्हणून हा नियम सैल करता येत नाही. प्रवासात बांधलेली झोळी कितीही प्रेमाची असली, तरी त्यात बाळाची हनुवटी छातीला टेकत नाही ना, हे बघत राहावं लागतं.

परदेशातल्या मराठी घरांत हा प्रश्न आणखी टोकाला जातो. तिथले शेजारी मुलांना संध्याकाळी सात-आठला झोपवतात, आणि महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम त्याच सुमारास रंगात येतो. सहा महिन्यांसाठी आलेली आजी एका खोलीत आणि डॉक्टरांनी दिलेलं पत्रक दुसऱ्या खोलीत. पण याच मंडळांनी गणपती शनिवार-रविवारी बसवायला केव्हाच सुरुवात केली, कारण कामाच्या दिवशी माणसं येऊ शकत नव्हती. देवाला वार मानवला असेल, तर आरतीला चारची वेळही मानवेल. भारतातून अमेरिकेत पोहोचलेल्या बाळाची झोप साधारण दिवसाला एक तास या गतीने तिथल्या घड्याळावर येते, म्हणून पहिला आठवडा कुणाकडे जेवायला जायचं नाही, एवढं सांगायला आजोबांनी पुढे यावं. सुनेने सांगितलं की ते नखरे ठरतात.

बाबांचंही तसंच. मुंबईत १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूती-लाभ कायदा झाला, १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची सक्ती आणली, २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. प्रत्येक वेळी कायद्याने आईचा विचार केला, बाबांचा क्वचितच. समारंभात "याची झोपेची वेळ झाली, आम्ही निघतो" हे वाक्य कोण म्हणतं, आणि ते ऐकून कोण जागचं उठतं, हे पुढच्या लग्नात बघावं. बहिणीच्या लग्नात पंगत वाढली जात असताना बाळाला घेऊन आतल्या खोलीत अर्धा तास बसणं बाबांना सहज जमतं. त्या कामाला खांदा लागतो, दूध लागत नाही, निदान सहा महिन्यांनंतर तरी.

आतली खोली मात्र असावी लागते. नवं मंगल कार्यालय बांधताना किंवा जुन्याचा परवाना नव्याने देताना पालिकेने दहा बाय दहाची एक खोली मागावी: ध्वनिवर्धकापासून दूर, बंद होणारं दार, पडदा, पंखा, भिंतीलगत घट्ट गादी आणि दूध पाजायला पाठ टेकेल अशी खुर्ची. पत्रिकेत मुहूर्ताखाली तिचा उल्लेख असावा आणि मुहूर्त पत्रिकेप्रमाणे लागावा. साडेबाराचं लग्न साडेबाराला लागलं, तर पहिली पंगत एकला बसते आणि अकराला झोपून उठलेलं बाळ दुपारच्या झोपेआधी घरी पोहोचतं.